२१ हजारांची टॉर्च, प्री-बुकिंग करू की थांबू?

तू विचारलंयस की नवीन मॉडेल दोन महिन्यांनी येतंय, आत्ता बुक केलं तर २१ हजार, नंतर २५, वर पाच वर्षांची वॉरंटी, मग पैसे भरून टाकू का. माझं ऐकशील तर थांब रे.

वाट बघण्यातली मजा मला माहीत आहे. टीझरचे फोटो झूम करून रिफ्लेक्टर किती खोल आहे ते बघत बसायचो मी, आणि आई विचारायची, "एका बॅटरीसाठी एवढं?" (तिच्या लेखी टॉर्च म्हणजे बॅटरीच.) तर अशीच एक महागडी पहिल्या लॉटमधली थेट बाहेरून मागवली होती. पहिलाच पावसाळा, चोर्ला घाटाकडे रात्री बेडूक बघायला गेलेलो, परत आल्यावर बघतो तर काचेच्या आतून वाफ धरलेली, आणि दोन दिवसांनी मागचं बटण दहा वेळा दाबलं तर तीनदा लागायचं. झाकण उघडलं तर ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) एका जागी चिमटलेली, स्प्रिंगवर हिरवट थर. कंपनीने ईमेलला गोड उत्तर दिलं, पाठवा म्हणे, फ्री रिपेअर. पण पाठवायचा खर्च माझा, कुरियरवाला लिथियम सेल बघून पार्सलच घेईना, सेल काढून पाठवली तर परत येताना कस्टमवाले रिपेअरची कागदपत्रं मागत बसले. चार महिने गेले, तोवर पाऊस संपला.

तेव्हा वॉरंटी किती वर्षांची ते नंतर बघ, आधी सेलरला विचार की बिघडलेली टॉर्च भारतात कोण घेणार, पत्ता काय, रिपेअर इथेच होणार की बाहेर जाणार आणि सेल वॉरंटीत धरलाय का, कारण सेलला बऱ्याचदा वर्षभरच असते. हे लेखी घे. जीएसटीचं बिल असलेल्या इथल्या सेलरकडे दोन-तीन हजार जास्त पडले तरी ते पैसे मी वॉरंटीचेच धरतो.

आणि जाहिरातीतल्या ५००० लुमेनच्या (लुमेन म्हणजे एकूण उजेड) आकड्यावर जाऊ नकोस. एफएल-१ या टॉर्च मोजायच्या स्टँडर्डमध्ये लुमेन टॉर्च लावल्यापासून ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या आत मोजतात, मग टॉर्चचं अंग तापलं की ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, स्वतःच उजेड उतरवतो, आणि रनटाइम उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. झोत ६०० मीटर लिहिलंय ना, ते जिथे ०.२५ लक्स (समोरच्या वस्तूवर पडणारा उजेड) उरतो तिथपर्यंतचं, म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. एवढ्या उजेडात झाडावर कांडेचोर आहे की फांदी ते कळत नाही, मी आपला निम्मंच धरतो. अंतर दुप्पट हवं तर कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, चौपट लागते, तेव्हा ६०० आणि ७०० मीटरच्या फरकासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. लॉट बाजारात आला की कोणीतरी रनटाइमचा ग्राफ टाकतोच, तो बघून ठरव.

आपल्याकडे खाऱ्या हवेत खरी परीक्षा झाकणाच्या आट्यांची असते. म्हापशाला राहतोस, हणजुण्याच्या खडकांवर गरी घेऊन बसतोस, तर झाकण फिरवताना वाळूचा कर्रर्र आवाज आला की तिथेच थांबायचं, कापडाने पुसायचं, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. व्हॅसलीन लावू नकोस, काही रबरं त्याने फुगतात.

चवथीला गावी येशील तेव्हा डिचोलीला ये, माझी जुनी १८६५० सेलवाली टॉर्च घेऊन जा, तोवर तिच्यावर भागव. बटण जरा कडक आहे तेवढं.