लक्ष्मीपूजनाला घरी जाऊ का?

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात जॉब करते, माहेर नागपूरला, महाल भागात. बाबा आधी खूप प्यायचे, आईला मारायचे. मी सहावीत असताना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी चिवड्याचा डबा दारात भिरकावला, सगळा चिवडा माझ्या रांगोळीत, आणि आई खाली बसून तो रंग लागलेला चिवडा सुपात भरत होती, मग तिनं तोंड धुतलं अन् पणत्या लावल्या. आता सहा वर्षं झाली त्यांनी दारू सोडली. आई रोज फोनवर म्हणून राहिली, ते सुधरले न आता, सणावाराचं कशाला जुनं उकरतेस. पण स्टीलचा डबा पडल्याचा नुसता आवाज आला तरी माझे हातपाय गार पडतात. मागच्या वर्षी गेले नाही तर भाऊ अजून नीट बोलत नाही. मी चुकतेय का?

उत्तर: अगं, नाही चुकत तू. बाबांनी सोडली ही खरंच मोठी गोष्ट आहे, पण त्यांची दारू सुटली म्हणून तुझ्या अंगातली भीती आपोआप सुटत नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका वाटला की तो अंगाला आधी पळायला सांगतो आणि विचार मागून येतो, म्हणून डबा पडला की तू परत सहावीतली होतेस. यात नाटक नाही की मन कमजोर नाही. आणि दिवाळीत तर तोच तळणाचा वास, तेच सुतळी बॉम्ब, तेच दार.

घरच्यांनी माफ करणं आणि घरी येणं एकाच गाठीत बांधलंय, ती गाठ तू सोड. माफ न करताही जाता येतं. जावंसं वाटलं तर मुक्काम महालात नको, मैत्रिणीकडे उतर, तिची गाडी जवळ ठेव म्हणजे निघताना कोणाला सोडून दे म्हणावं लागणार नाही. आईला आत्ताच सांग, सहाला येते, आठला निघते. का म्हणाली तर, मला एवढंच जमते. बाकी कोणाला पटवत बसू नको, नाहीतर आत्या, काकू सगळ्या मधात येतात.

हातपाय गार पडले तर बाहेर ये, चप्पल काढून पाय जमिनीला टेकव, श्वास सावकाश सोड आणि गल्लीतल्या पणत्या मोजत राहा, साधं वाटतं पण अंगाला कळतं की हे आजचं आहे.

भावाशी मात्र बोलच. भाऊबीजेआधी त्याला फुटाळा तलावावर घेऊन जा आणि त्या संध्याकाळी तो कुठे होता ते विचार. त्यानंही तेच पाहिलं असेल आणि विषयच न काढणं हा त्याचा मार्ग असेल. आईचं मला वाईट वाटतं गं, मार तिनं खाल्ला, तिला एकदा सगळे एका पंगतीत हवेत, पण त्यासाठी तू गप्प बसून राहावं असं नाही.

झोप उडत असेल, महिनाभर हेच चाललं असेल तर समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि बाबांनी परत हात उगारला तर पूजा अर्धी राहू दे, आईला घेऊन नीघ, ११२ लाव.

यंदा नाहीच जायचं ठरलं तर पुण्यातल्या खोलीच्या दारात रांगोळी काढ, तुला पाहिजे तेवढी मोठी.