रेडिएशन झालेल्या जबड्यातली दाढ: शनिवारची घाई करू नका

बाबांचं घशाचं रेडिएशन संपून 3 आठवडे झाले, चव नाही, तोंड कोरडं, आणि दाढ ठणकतेय म्हणून शनिवारी काढून टाकतोय, ही तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. जिभेच्या ऑपरेशननंतर माझी रेडिएशनची 30 सिटिंग झाली, एकूण डोस 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक). मी डॉक्टर नाही, पण ती दाढ आधी थांबवा.

तोंडातले फोड, घशाची आग, थकवा हे बहुतेक जातं. संपल्यावर एक-दोन आठवडे उलट वाढतं, घाबरू नका. चवीला काही महिने लागतात. लाळेचं मात्र सांगता येत नाही, माझं तोंड अजून रात्री चिकटतं, उशाशी बाटली असतेच.

आता माझा गाढवपणा. दीड वर्षाने खालची दाढ हलायला लागली, जवळच्या दवाखान्यात गेले, आता बरी झालेय तर कशाला सांगायचं म्हणून रेडिएशनचं बोललेच नाही. पाच मिनिटांत दाढ बाहेर. पण ती जखम भरेचना, जीभ लावली की काहीतरी खरखरीत लागायचं, मला वाटलं दाताचा तुकडा राहिलाय, ते जबड्याचं हाड होतं, उघडं पडलेलं! रेडिएशनने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ही भीती वर्षं उलटली म्हणून जात नाही. शेवटी हाडाचा तो भाग काढावाच लागला.

त्यात सर्जनने विचारलं, त्या बाजूला डोस किती गेला होता? रेकॉर्डच्या खिडकीवर आधी अर्ज द्या, मग डॉक्टरांची सही आणा, तर डॉक्टर केव्हाच सोडून गेलेले. सात चकरा मारून हातात काय, तर बिलांच्या झेरॉक्स. इतका संताप आला होता ना. म्हणून ट्रीटमेंट समरी आत्ताच मागून घ्या, डोस आणि भाग दोन्ही लिहिलेली.

दाढेचं रेडिएशनच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, रूट कॅनालने वाचत असेल तर माझ्या मते तेच बरं, अर्थात तुमच्या केसमध्ये काय ते तेच ठरवतील. तोंड उघडायचा व्यायाम सोडू देऊ नका, तीन बोटं उभी आत जातात का अधूनमधून बघायचं. आणि मानेला रेडिएशन असेल तर दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा, माझं सुस्तावणं सगळे मनाचं म्हणत होते, निघालं थायरॉइड.