वाचक विचारतात : सुंजाताची गाथा, जेली आणि पावसाळ्यातला कोरा

गेल्या अंकात माली साम्राज्य आणि मांदिंका लोकांचे परंपरागत कथेकरी, म्हणजे जेली, यांच्यावर लेख होता. पश्चिम आफ्रिकेतल्या या साम्राज्याचा संस्थापक सुंजाता, आणि कोरा हे जेलींचं तारवाद्य. लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

आमच्या मंडळाला सुंजाताची कथा पोवाड्याच्या अंगाने चाळीस मिनिटांत बसवायची आहे. डफ-तुणतुण्यावर चालेल का? कोणते प्रसंग ठेवावेत? (परळ)

डफ-तुणतुण्यावर खुशाल करा. जेलीही एकट्याने गात नाही. शेजारी बसलेला एक जण त्याच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला 'नामू' अशी दाद देतो. ही जागा तुमच्या झीलकऱ्यांची. फरक एवढाच की झीलकरी 'जी जी रं जी' सुरात ओढून धरतात, तर 'नामू' बोलल्यासारखा, झटकन येतो. झील लांबवलीत तर कथन अडखळेल. कथनाच्या भागात आखूड 'जी' ठेवा आणि लांब झील गाण्यासाठी राखून ठेवा.

जेलीच्या सादरीकरणात तीन चाली असतात. साधं कथन, धबधब्यासारखी वेगाने येणारी कुळांची आणि वीरांची नामस्तुती, आणि गीत. गीताची बाजू बहुतेक वेळा स्त्रिया सांभाळतात, हातात लोखंडी नळी आणि ती वाजवायला लोखंडी काडी. मंडळात एखादी चांगली गायिका असेल तर गाणी तिलाच द्या.

प्रसंगांची वाटणी साधारण अशी करा. 'दो' नावाच्या मुलखातली रानम्हैस झालेली बाई, तिला मारणारे दोन शिकारी आणि त्यांना बक्षीस मिळालेली कुरूप सोगोलोन, म्हणजे सुंजाताची होणारी आई, ८ मिनिटं. पांगळा मुलगा उभा राहतो, १०. सावत्र आई सासुमा त्याला देशोधडीला लावते, ५. शत्रूराज्य सोसोचा राजा सुमाओरो कांते याच्या गुप्त दालनात जेली बाला फासेके शिरतो आणि राजाचा बालाफोन, म्हणजे भोपळ्यांवर बसवलेल्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवतो, ७. किरिनाची लढाई, ६. उरलेली ४ विजयानंतरच्या सभेला.

लढाईला एवढीच मिनिटं, हे वाचून तुमचा शाहीर नाराज होईल. पण हौशी प्रयोग नेमके तिथेच फसतात. अर्धा वेळ तलवारी चालतात आणि प्रेक्षकाला कळतच नाही की सुमाओरो पडला कशाने. लोखंड त्याला लागत नाही. कोंबड्याची नखी लावलेला बाण त्याला स्पर्शून गेला तेव्हा त्याची शक्ती गेली. हे गुपित सुंजाताच्या बहिणीने सुमाओरोच्याच महालात राहून काढलेलं असतं. ती आधी रंगमंचावर दिसली नाही तर बाण आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

सगळ्यात जपायचा तो उभं राहण्याचा प्रसंग. सोगोलोनला कालवणात घालायला गोरखचिंचेची पानं हवी असतात. सवतीकडे मागायला गेल्यावर ती टोमणा मारते, की माझा मुलगा झाड चढून पानं आणतो, तुझा सात वर्षांचा अजून रांगतोय. आई रडत घरी येते. मुलगा लोहारांकडून लोखंडाची जड कांब मागवतो, तिच्यावर भार देऊन उठतो, कांब धनुष्यासारखी वाकते. मग पानं न आणता आख्खं झाडच उपटून आईच्या दारात आणून टाकतो. गोरखचिंचेचा बुंधा केवढा असतो हे कलाकारांना राणीच्या बागेत नेऊन एकदा दाखवा, मग 'उपटलं' हा शब्द नीट उच्चारला जाईल.

पिढ्यानपिढ्या तोंडी आलेली ही कथा इतिहास मानायची का? दोन ध्वनिमुद्रणं ऐकली, तपशील जुळत नाहीत. (दादर)

न जुळणारच. आधी पाहायचं ते कोण, कुठे, कोणासमोर गातोय. गांबियातले जेली तिरामाखान त्रावरे या सेनापतीवर भरपूर वेळ घालवतात, कारण पश्चिमेकडचं काबू राज्य आपलं मूळ त्याच्यापाशी नेतं. मालीत केइता, म्हणजे सुंजाताच्या घराण्यापुढे गाणारा केइतांची बाजू भरघोस मांडतो. समोरच्या घराण्याचं नाव आलं की त्याचा पूर्वज कथेत पुढे सरकतो. आपल्याकडे सिंहगडाचा पोवाडा मालुसऱ्यांच्या अंगणात आणि दुसऱ्या घराण्यापुढे वेगळा रंगेल, तसंच हे. फरकांची यादी केली तर कोणाचा वारसा कुठे सांगितला जातोय याचा नकाशाच हाती येतो.

कणा मात्र बाहेरूनही तपासता येतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतला इतिहासकार इब्न खल्दून याने लिहिलं की मारी जाता नावाच्या राजाने सोसोंना हरवलं आणि पंचवीस वर्षं राज्य केलं. गाथेतला सुंजाता तो हाच. किरिनाची लढाई सर्वसाधारणपणे १२३५च्या सुमारास धरतात. लोखंडाची कांब आणि कोंबड्याची नखी कोणी सिद्ध करू नये, आणि त्यामुळे लढाई खोटीही ठरवू नये.

जेलींचं काम त्या काळीही चालू होतं याचा डोळ्यांनी पाहिलेला दाखला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतुता याचा. हा गृहस्थ आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला होता. १३५२-५३मध्ये तो मालीत मानसा (म्हणजे राजा) सुलेमानच्या दरबारी होता. सणाच्या दिवशी कवी पक्ष्याच्या पिसांचा पोशाख घालून, डोक्यावर लाल चोचीचं लाकडी मुंडकं चढवून राजापुढे उभे राहतात, असं तो लिहितो. तू बसला आहेस त्या चौथऱ्यावर पूर्वी अमुक राजा बसला, त्याने अमुक चांगलं केलं, तूही असं कर की मागे तुझं नाव निघेल, असा त्यांचा आशय. मग मुख्य कवी चौथऱ्याच्या पायऱ्या चढून राजाच्या मांडीवर, उजव्या आणि डाव्या खांद्यावर डोकं टेकवतो. बतुताला हा प्रकार आवडला नाही. सुलतानाने पाठवलेल्या पहिल्या भेटीनेही तो हिरमुसला होता: तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात दही.

जेलीला नुसता स्तुतिपाठक म्हणू नका. लग्नं जुळवणं, भांडणं मिटवणं, राजाच्या वतीने बोलणं, हीही कामं त्याचीच. आजही मालीतल्या कांगाबा गावी दर सात वर्षांनी कामाब्लोन नावाच्या गोल मातीच्या घराचं गवती छप्पर बदलतात. हे घर १६५३मध्ये बांधलेलं. वीस-एकवीस वर्षांची मुलं छप्पर घालतात, केइतांचे वडीलधारे देखरेख करतात आणि दियाबाते घराण्याचे जेली इतिहास सांगतात.

मानसा मुसा जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस आणि त्याने कैरोची अर्थव्यवस्था बुडवली, असा मेसेज फिरतोय. खरं का? (झवेरी बाजार)

डॉलरमधले आकडे सोडून द्या. मालीच्या राजाची खाजगी मालमत्ता आणि राज्याचा खजिना वेगळा काढणारा हिशोब कोणाकडेच नाही. दुसरी गोष्ट अर्धी खरी. १३२४मध्ये हजला जाताना मुसा कैरोत उतरला, सोनं सढळ हाताने वाटलं. डझनभर वर्षांनी अरब इतिहासकार अल-उमरी याने लिहिलं की पूर्वी एका मिस्कालाला, म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम सोन्याला, पंचवीस दिरहमांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली भाव जात नव्हता. आता तो बावीसच्या वर चढत नाही. ही घट बाराएक टक्क्यांची. सराफाला झोप लागू नये एवढी, पण बाजार बुडाला असं म्हणण्याजोगी नाही. गंमत अशी की या मुसाला जेलींच्या गाथांत फारच थोडी जागा आहे.

कोरा विकत घेतला. जूनपासून सूर उतरतात, दहा मिनिटांतही टिकत नाहीत. (विलेपार्ले)

तुमचा कोरा अर्ध्या भोपळ्यावर ताणलेल्या गाईच्या कातड्याचा आहे, म्हणजे हवेतलं पाणी तो पिणारच. कातडं ओलसर झालं की सैल पडतं. एकवीस तारांचा दाब पुलावर असतो, पूल किंचित खाली बसतो आणि सगळ्या तारा एकदम उतरतात. सगळ्या उतरल्या असतील तर दोष कातड्याचा. एक-दोनच उतरल्या तर दांड्यावरची कातडी कडी घसरतेय.

कडीवरचा कोरा असेल तर कडी पुलापासून दूर, वर सरकवली की सूर चढतो, खाली आणली की उतरतो. कडी नुसती ढकलू नका, पिळत-पिळत सरकवा, नाहीतर ती एका बाजूने झिजते आणि मग कायमची घसरते. घसरणाऱ्या कडीला तेल तर अजिबात लावू नका. खुंट्यांचा असेल तर हा त्रास कमी, पण कातड्याचा तसाच राहतो.

सूर लावताना एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे जाऊ नका. डावीकडे अकरा, उजवीकडे दहा तारा आहेत; आलटून-पालटून लावा, नाहीतर पूल कलतो. तारा सगळ्या एकदम सैल करू नका, पूल फक्त त्यांच्या दाबावरच उभा आहे, तो पडतो. वाजवून झालं की सगळा कोरा थोडा उतरवून ठेवा. कातडं शेगडीवर किंवा हेअर ड्रायरने सुकवू नका, खिळ्यांपाशी फाटतं. बंद खोलीत, शक्य असेल तर आर्द्रता कमी करणाऱ्या यंत्राजवळ, भिंतीला न टेकवता ठेवा.

स्वरांसाठी: सिलाबा नावाची स्वरजुळणी आपल्या बिलावलाजवळ जाते, सौता कल्याणाजवळ, कारण तिचा मध्यम तीव्र. पण पेटीशी तंतोतंत जुळवायला जाऊ नका. जेली स्वर कानाने थोडे इकडेतिकडे ठेवतात आणि पेटीवर लावलेला कोरा बेचव वाजतो.

एक इशारा परळच्या मंडळालाही: सुंजाताच्या दरबारात कोरा दाखवू नका. त्याची जुनी लेखी नोंद स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क याच्या १७९९च्या प्रवासवर्णनात मिळते, तिथे तो अठरा तारांचा आहे. बालाफोनसारखं वाद्य मात्र बतुताने दरबारात पाहिलं होतं. सुमाओरोचा म्हणून जपलेला सोसो-बाला गिनीतल्या नियागासोला गावी आहे, दीड मीटर लांब, वीस पट्ट्यांचा. रंगमंचावर तो हवा असेल तर खालचे भोपळे लहान-मोठे ठेवायला विसरू नका. सगळे एका मापाचे केले तर पहिल्या रांगेतूनच नकली ओळखू येतो.