ऑफिसच्या ब्रॉडबँडला कंपनीने दिलेला राउटर काढून स्वतःचा लावता येतो का?

येतो, पण जुना लगेच उचकटू नका. फायबर जोडणीत तो डबा बहुतेक वेळा नुसता राउटर नसतो. बारीक फायबर वायर ज्यात जाते तो ओएनटीही तोच असतो. तो काढला की नेटच गेलं. म्हणून कंपनीला तो ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट फक्त पुढे देतो, आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेट सुरू करायच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. मग लॉगिन तुमचा राउटर करतो.

ब्रिज न करताच मागे दुसरा राउटर जोडला तर डबल नॅट होतं, म्हणजे दोन्ही राउटर एकामागे एक पत्ते बदलतात. ब्राउझिंग चालतं, पण घरून ऑफिसचे कॅमेरे बघायला गेलात की अडतं.

आमच्या दुकानात ब्रिज करूनही अडलं. दोन दिवस मी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आत कॅमेऱ्यापर्यंत पोचवणारं सेटिंग, तपासत बसलो. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर नजर गेली: वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता म्हणजे बहुधा सीजीनॅट, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. तिथे कितीही महागडा राउटर लावा, पोर्ट उघडून काही होत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला असा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेतला, त्याच संध्याकाळी कॅमेरे मोबाइलवर दिसले.

आयटी बघणारं कोणी नसेल तर मात्र त्यांचाच राउटर ठेवा, असं मी मनापासून सांगेन. अपडेट, बिघाड, बदली सगळं त्यांच्या गळ्यात. फक्त सेटिंग बदलायची विनंती किती तासांत पूर्ण करणार, हे करारात लिहून घ्या.