बसून पगार, तरी संध्याकाळी अंगात त्राण नाही

"मॅडम, सांगायला लाज वाटते, पण मला काम नाही म्हणून त्रास होतो."

थोड्याफार फरकाने हे वाक्य मी समुपदेशनाला येणाऱ्या पुष्कळांकडून ऐकलंय. आयटीत बेंचवर, म्हणजे हाती प्रकल्प नसताना नुसती बसवलेली मुलं ते बोलतात, त्यांना वर नोकरी जाण्याची धास्तीही असते. सरकारी नोकरदार मात्र फार उशिरा तोंड उघडतात, कारण ऐकणारा हसतो. ज्या नोकरीसाठी गावातली पोरं वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसतात, तिच्याबद्दल तक्रार करायची कोणत्या तोंडाने?

समीर (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्याची परवानगी आहे) पाटबंधाऱ्याच्या एका उपविभागीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक. धरणाचं काम कधीच पूर्ण झालेलं, कार्यालय उरलेलं. आवक-जावक नोंदवही, चार टपालं, महिन्याच्या शेवटी पगारबिलांची थोडी धावपळ. एरवी सकाळी अकरापर्यंत त्याचं टेबल मोकळं. राज्यात 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा कार्यालयीन वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. म्हणजे अकरानंतर सव्वासात तास, मधली जेवणाची सुट्टी धरून.

तो आला तो वेगळ्याच तक्रारीने. घरी लेकीवर ओरडतो, रात्री झोप लागत नाही, संध्याकाळी अंग गळून जातं. बायको म्हणते, "दिवसभर बसूनच तर असता, मग दमता कशाने?" आई म्हणते, "सुख टोचतंय तुला." आणि त्याचा स्वतःचा प्रश्न: "मी आळशी झालोय की मला डिप्रेशन आलंय?"

दुसऱ्या शक्यतेकडे मी आधी पाहते, कारण ती नजरेआड करून चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, आवडत्या गोष्टींतूनही मन उडणं, भूक-झोप बिघडणं, मरणाचे विचार येणं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंच. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. समीरचं तसं दिसत नव्हतं. शनिवारी तो लेकीला सायकल शिकवायचा, मित्रांबरोबर पोहायला जायचा, रात्री गाढ झोपायचा. रविवारी दुपारपासून पोटात गोळा. सुट्टीत फुलणारं आणि कचेरीच्या आठवणीने कोमेजणारं मन दिसलं की मी कचेरीबद्दल खोदून विचारते.

तिथे काय करता, असं विचारल्यावर तो आधी म्हणाला, "काहीच नाही." मग हळूहळू यादी निघाली. साहेबांच्या गाडीचा आवाज आला की मोबाइल ड्रॉवरमध्ये. बाहेरचं कुणी आलं की जुनी फाइल उघडायची आणि कपाळाला आठ्या घालायच्या. चहाला किती वेळा उठलो तर बरं दिसेल, याचा हिशेब. सव्वासहापर्यंत दर थोड्या वेळाने घड्याळ. दिवसभर कामात असल्याचं नाटक वठवायचं, तेही एकट्याने. तो दमत होता तो यानेच.

बहुतेक जण अशा माणसाला एकच सल्ला देतात: वेळ आहे तर राज्यसेवेचा अभ्यास कर. समीरनेही पुस्तकं नेली होती. डोळे पानावर, कान दाराकडे, आणि संध्याकाळी पान तेच. त्यावरून तो स्वतःला नालायक ठरवून मोकळा झाला होता. मी त्याला ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाबद्दल सांगितलं. तिथली कापड गिरणी बंद पडून जवळजवळ सारं गाव बेकार झालं, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या दिनक्रमाचा अभ्यास केला. तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी एवढा रिकामा वेळ, तरी गावाच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली होती. रस्त्याने चालणारे पुरुषही संथ झाले होते. समीरला पगार होता, त्या लोकांना नव्हता. हा फरक मोठा आहे. पण कामामुळे दिवसाला जो आकार येतो, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं जे वाटतं, ते दोन्हीकडे हरवलं होतं. फ्रान्समध्ये तर 2020 मध्ये, एका कर्मचाऱ्याला दीर्घकाळ पुरेसं काम न देणं हा मानसिक छळाचा भाग असल्याचं पॅरिसच्या अपील न्यायालयाने मान्य केलं. हे ऐकून समीर पहिल्यांदा खुर्चीत सैल बसला.

शेअर ट्रेडिंग किंवा ऑनलाइन जोडधंदा कचेरीत बसून करू का, हा त्याचा पुढचा प्रश्न. मी नको म्हटलं. वर्तणूक नियमांत खासगी धंद्याला परवानगी लागते हे एक, आणि लपवण्यासारखं आणखी एक वाढणार हे दुसरं. त्याच्या दुखण्याचं मूळच लपवण्यात होतं.

त्याऐवजी, आपल्या कार्यालयातून रिकाम्या हाताने कोण परत जातं, एवढं त्याला बघायला सांगितलं. उत्तर त्याला माहीत होतं: प्रकल्पग्रस्त. आजोबांच्या जमिनीचे कागद शोधत नातू यायचे आणि "रेकॉर्ड सापडत नाही" ऐकून जायचे. भूसंपादनाचे गठ्ठे कपाटावर धूळ खात पडलेले, सूची नाही. गावनिहाय सूची करू का, हे साहेबांना कसं विचारायचं याचा आम्ही चक्क सराव केला. "मला काम नाही" असं म्हणायचं नाही, "हे काम पडून आहे, मी करू का" म्हणायचं, तेही लेखी टिपणी ठेवून. साहेबांनी सही केली. वरिष्ठ लिपिकांचं तोंड वाकडं झालं: "आम्हाला उघडं पाडतोस का?" ती अढी अजून आहे, आणि ती जाईल असं मी त्याला सांगितलेलं नाही.

सूची दुपारी तीन ते पाच करायची, कारण तेच तास त्याला खायला उठायचे. सकाळी वाचन, तेही साहेबांना सांगून, विभागीय परीक्षेचं. मोबाइल बॅगेत. अजूनही काही दुपारी तो नुसता बसून असतो, पण आता आठ्या घालत नाही.

झोप सुधारली आहे. बदलीचा अर्जही त्याने दिलाय, आणि तो द्यावा असं माझं स्पष्ट मत होतं. सगळी कपाटं लावून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. मागितलीय ती विभागीय कार्यालयातली आस्थापना शाखा. तिथे मान वर करायला फुरसत नसते, असं मित्र त्याला घाबरवतात.