खात्यात दरमहा येणाऱ्या दीड हजारांनी खेड्यातल्या गरीब घरात नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न असा आहे : 'सरकार गरीब बायकांच्या खात्यात थेट पैसे टाकतं. त्याने त्यांचं आयुष्य खरंच बदलतं, की ते खाण्यापिण्यात उडून जातात आणि लोक कामाला जायचे बंद होतात?'

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात बँकेची बीसी आहे, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून आणि भरून देते. एक टेबल, अंगठ्याचं मशीन, एक वही आणि समोर बायकांना बसायला बाकडं, एवढाच माझा पसारा. निराधारचे, किसानचे, रोजगार हमीचे आणि आता 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार, असे गावातले बरेचसे पैसे याच टेबलावर मोजून दिले जातात. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगते.

आधी 'उडून जातात' याबद्दल. खाण्यात जातात हे खरं आहे, आणि जायलाच हवेत. ज्या घरात महिनाअखेरीला तेलाचा पुडा सुटा, पावशेर-पावशेर करून आणतात, तिथे लेकरांच्या ताटात आठवड्यातून दोनदा अंडं पडायला लागलं तर त्याला उडवणं कसं म्हणायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या दारात सकाळी सातपासून रांग होती. बहुतेकींनी सगळेच्या सगळे काढले. सरकार परत घेईल अशी कुणीतरी आवई उठवली होती. काहींचे पैसे तर खात्यात पडताच जुन्या थकबाकीपोटी आणि किमान शिलकेच्या दंडापोटी बँकेने वळते करून घेतले, आणि त्या बायकांना तोंड द्यायला मीच समोर होते. पण तीन-चार महिन्यांनी बघते तर त्याच बायका म्हणायला लागल्या, 'ताई, पाचशेच दे, बाकीचे राहू दे तिथंच.' माझ्या दृष्टीने पहिला बदल हाच. आपल्या नावावर पैसे आहेत आणि ते उद्याही तिथेच असतील, यावर ज्या बाईचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता, तिचा तो बसला.

आता एका घराचं सविस्तर सांगते. बाईचं नाव लिहीत नाही, मी त्यांना वहिनी म्हणते. नवरा, सासू, दोन लेकरं आणि पावणेदोन एकर कोरडवाहू. जमीन नवऱ्याच्या नावावर, म्हणून पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे बारा हजार त्याच्या खात्यात येतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार वहिनींच्या खात्यात. (जमीन बाईच्याच नावावर असती आणि किसानचे पैसे तिलाच मिळत असते, तर या योजनेतून तिला महिना फक्त ५०० मिळाले असते. सातबारावर बाईचं नाव लावा म्हणून आपणच सांगतो, त्यामुळे हा नियम मला पटत नाही.)

त्यांचं वर्ष असं चालायचं. जूनमध्ये खत-बियाणं दुकानातून उधारीवर. दुकानदार धान्याचा व्यापारही करतो, त्यामुळे ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी झाली की माल थेट त्याच्याच काट्यावर. तो सांगेल तो भाव. नवऱ्याला भाव कळत नाही असं नाही, पण जुनी बाकी डोक्यावर असताना माल दुसरीकडे न्यायला तोंड लागतं.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आमच्याकडे व्यापारी चार हजारांच्या आसपास मागत होते. हमीभाव केंद्रावर विकायचं तर ऑनलाइन नोंदणी करा, मेसेजची वाट बघा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा (ती मर्यादा पुढे १५ टक्के केली), आणि माल दिल्यावरही पैसे खात्यात यायला थांबा. ज्याला आज देणं फेडायचंय त्याने थांबायचं कसं?

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते एकत्र आले. सुरुवातीपासूनचे मिळून साडेसात हजार झाले. वहिनींनी त्यातले दोन-अडीच हजार घरात वापरले होते. उरलेले आणि नवऱ्याच्या किसानच्या हप्त्याचे मिळून दुकानाची बाकी फेडली. मळणीवाल्याला द्यायला दोन क्विंटल बाजारात विकलं, पाच क्विंटल ओसरीवर वाळवून ठेवलं आणि नंबर लागल्यावर केंद्रावर घातलं. क्विंटलमागे आठशेच्या वर जास्त मिळाले, म्हणजे चार हजारांहून अधिक. हे चार हजार कुठल्याच योजनेच्या हिशेबात दिसणार नाहीत. मला मात्र त्या दीड हजारांचं खरं काम तिथेच दिसलं. श्रीमंत माणूस भाव पडला की माल घरात ठेवतो, गरीब तो विकतो, कारण त्याला थांबता येत नाही. या घराला त्या वर्षी पहिल्यांदा दोन महिने थांबता आलं.

दवाखान्याचं याच्या उलट. तिथे थांबावं लागायचं. पोराला ताप आला की आधी काढा, मग मेडिकलवरून गोळी, आणि पाच-सहा दिवसांनी उसने पैसे मिळाले की तालुक्याला. गेल्या पावसाळ्यात धाकट्याला ताप आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या टेबलासमोर उभ्या. सहाशे काढले आणि एसटीने गेल्या. नवरा कामावर होता, त्याला विचारायला थांबल्या नाहीत. संध्याकाळी घरी त्यावरून काही बोलणं झालं नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीने तीच मोठी गोष्ट होती.

त्यांच्या सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. आधी महिना हजार होते, २०२३ मध्ये दीड हजार झाले. आयुष्यभर खुरपं आणि विळा धरून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही. ओल्या फडक्याने पुसून, एकेक बोट लावून बघत कधी अर्धा तास जातो. पण पैसे हातात आले की आधी नातवंडांना दहा-दहा रुपये देतात. घरात त्यांच्याशी बोलायचा सूर बदललाय, हे मी शेजारीण म्हणून सांगू शकते.

'खाण्यापिण्यात' म्हणताना तुमच्या मनात दारूही असेल. गावात दोन-तीन घरं अशी आहेत की हप्ता आला की नवरा बायकोसोबत येतो, आणि मी मोजलेले पैसे तिच्या हातात पडायच्या आत त्याच्या खिशात जातात. हे मी लपवणार नाही. अशा वेळी मी मुद्दाम 'आज दोनशेच निघतील' म्हणते, आणि बाई दुसऱ्या दिवशी एकटी येऊन उरलेले नेते. पण रांगेतल्या बाकीच्या बायकांकडे बघून मी छातीठोक सांगते, की त्यांचे पैसे दारूत जात नाहीत.

आणि काम बंद होतं का? दीड हजाराला तीसने भागा. दिवसाला ५० रुपये होतात. पन्नास रुपयांवर कोण घरी बसतं? एक मात्र झालंय. अंगात कणकण असताना खुरपणीला जाणं आता बायका टाळतात, आणि 'दोनशेवर येत असशील तर ये' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणतात. मोठे बागायतदार याला आळस म्हणतात. मी म्हणत नाही.

हे फक्त आमच्याच गावातलं नाही. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत असाच प्रयोग केला होता. प्रत्येक प्रौढाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले, कसलीही अट न घालता. शेजारच्या पैसे न मिळालेल्या बारा गावांशी तुलना केली. पैसे मिळालेल्या घरांत मुलींचं वजन सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, आणि लोक दुसऱ्याच्या बांधावर राबण्याऐवजी स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. कामं कमी झाली नाहीत.

काय बदलत नाही तेही ऐका. मोठं आजारपण, मुलीचं कॉलेज, विहीर, लग्नाचं कर्ज, यातलं काहीही दीड हजारात बसत नाही. शेजारचं जोडपं दर वर्षी ऊसतोडीला जातं, यंदाही गेलं. मुकादमाकडून उचल थोडी कमी घेतली, एवढाच फरक. बाई आता पैसे कारखान्याच्या बाजूला कुठेतरी अंगठा लावून काढते. त्यांची पोरं अजूनही आजीपाशी असतात.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तारीख नसणं. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी महिना उलटून जातो तरी येत नाहीत. एकदम आलेले पैसे सणासारखे खर्च होतात. ठरलेल्या दिवशी आले तर त्यावर बचत गटाचा हप्ता बांधता येतो, भिशी लावता येते, किराणावाला बिनधास्त उधार देतो. मी टेबलामागच्या कॅलेंडरवर प्रत्येक हप्त्याला गोल करून ठेवते. सलग दोन महिने गोल एकाच तारखेवर आलेला मला दिसला नाही.

निवडणुकीत २,१०० रुपयांचं आश्वासन दिलं गेलं तेव्हा बाकड्यावर बरीच चर्चा झाली होती. वहिनी कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, 'दीडच राहू दे, पण कोणत्या तारखेला येणार तेवढं सांग.' अजूनही दर महिन्याला येऊन तेच विचारतात, आणि मला सांगता येत नाही.