'नेहमीप्रमाणे' या शब्दाखाली सही करू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद. बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं निवासगृह, सोळा रहिवासी, तीन पाळ्या आणि पर्यवेक्षक म्हणून तुझा पहिलाच महिना. रजिस्टरं कशी तपासायची, असं विचारलंस. त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक ऐक.

आमच्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ होते. बोलता येत नव्हतं, पण शौचाला स्वतः जायचे, दार लावून. एकदा ते अचानक ताट ढकलू लागले, रात्री उठून भिंतीवर डोकं आपटू लागले. रजिस्टरात 'चिडचिड, हट्ट' असं लिहिलं गेलं. शौचाच्या रकान्यात रोज एकच शब्द, 'नेहमीप्रमाणे'. त्याखाली रोज माझी सही. सातव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पोटाला हात लावला तर दगडासारखं. मळ साचून आतडं अडलं होतं. वेळेवर रुग्णालयात पोहोचले म्हणून वाचले.

नंतर मी एकेकाला विचारलं. सकाळच्या पाळीला वाटायचं रात्री झालं असेल, रात्रीच्या पाळीला वाटायचं सकाळी. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. पाहिलंही कुणी नव्हतं.

बद्धकोष्ठता ऐकायला किरकोळ वाटते. पण फिटची आणि मानसिक आजाराची औषधं, कमी पाणी, बसून राहणं हे सगळं एकत्र आलं की ती जिवावर बेतते. म्हणून त्या रकान्यात झालं की नाही आणि किती वाजता, एवढं हवंच. कळलं नसेल तर 'पाहिलं नाही'. आणि 'पाहिलं नाही' असं लिहिणाऱ्यावर कधी चिडू नकोस. तू एकदा चिडलीस की दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे 'नेहमीप्रमाणे' येईल.

वागणं बदललं की आधी शरीर तपासून घ्यायचं: दात, कान, पोट, लघवीचा जंतुसंसर्ग, नुकतीच सुरू झालेली गोळी. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांत स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. पण थायरॉइड कमी झालं तरी माणूस असाच सुस्त, हरवल्यासारखा दिसतो आणि त्यावर औषध आहे. तपासणीआधीच 'आता वय झालं' म्हणून सोडून देऊ नकोस. कधी कधी डॉक्टरही 'यांचं असंच असतं' म्हणून परत पाठवतात. तिथे तुझी नोंद पुढे कर. कालपर्यंत काय करत होते आणि कुठल्या दिवसापासून बंद झालं, हे तारखेसकट दाखवलंस की टाळणं अवघड जातं.

जेवणाच्या वेळी ऑफिसात बसू नकोस. प्रत्येक घोटाला खोकला, डोळ्यांत पाणी, जेवल्यावर घशात घरघर, असं दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घे. अन्न श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया असाच गुपचूप येतो. फिट आली की पहिल्यांदा घड्याळ पाहायचं, हेही सगळ्यांच्या अंगवळणी पाड. पाच मिनिटांत थांबली नाही तर वाट बघायची नाही.

आणखी एक, मला फार लागणारी गोष्ट. बेचाळीस वर्षांच्या माणसांना आपल्याकडची मंडळी सर्रास 'मुलं' म्हणतात. मायेनं म्हणतात, मला ठाऊक आहे. पण मूल म्हटलं की त्याला विचारायचं राहून जातं. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तींना आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या करारातलं एकोणिसावं कलम सांगतं. तुझ्या हातात त्यातलं थोडंच आहे, पण ते आहे. खोलीत शिरताना दार वाजवणं. आंघोळ आत्ता की नंतर हे विचारणं, आणि 'नंतर' म्हणाले तर खरंच थांबणं.

काळजीवाहकानं रहिवाशावर हात उगारल्याची शंका आली तर त्याच दिवशी वर कळवायचं, काळजीवाहक कितीही जुना असो. पण सलग दुसरी पाळी कुणाच्या गळ्यात पडू देऊ नकोस. दमलेला हात आपोआप राठ होतो. रात्रपाळीला अधूनमधून न सांगता जा. चूक पकडायला नको जाऊस, तासभर त्यांच्याबरोबर बसायला जा. दिवसा कुणी सांगणार नाही ते तिथे ऐकायला मिळेल.

तुझ्या रजिस्टरची गेल्या आठवड्याची दोन पानं नावं झाकून पाठव. वाचून लगेच कळवते.

तुझी,
ताई